मागच्या सीटचा हिशेब

पार्ल्याहून मोटरसायकलवर कोकणात जायचं, तर मुंबईतले गुळगुळीत रस्ते आधीच वजा करावे लागतात. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्याच वर्षी किनारी रस्त्याचा पहिला टप्पा. दोन्हीकडे दुचाकीला बंदी. पुण्याच्या द्रुतगती मार्गावर ती पहिल्यापासून आहेच. यामागची सुरक्षिततेची कारणं मला पटतात. पण परिणाम असा होतो, की जे वाहन खड्डा सर्वांत जास्त अंगावर घेतं, त्याच्याच वाट्याला खड्ड्यांचा रस्ता उरतो. हनुमान रोडवरून निघायचं, पश्चिम द्रुतगती महामार्ग पकडायचा, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पूर्वेला यायचं, मानखुर्द, वाशीचा खाडीपूल, पनवेल, आणि पळस्पे फाट्यावर गोव्याच्या महामार्गाला लागायचं. आमच्यासारख्यांना दुसरी वाट नाही.

हा महामार्ग पूर्वी १७ क्रमांकाचा होता, आता ६६. चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव या पट्ट्यात डांबर, पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि नुसती खडी असे चारही प्रकार एकाच सकाळी चाकाखाली यायचे. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. आता बराच भाग काँक्रीटचा झाला, कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय आला. खड्डे कमी झाले, तसा दुसरा एक त्रास लक्षात यायला लागला.

काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर एक आडवा सांधा असतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे. आता दुसरा आकडा बघा. बसलेल्या माणसाच्या शरीराला उभ्या दिशेतली जी कंपनं सर्वांत जास्त जाणवतात, ती सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यातली. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातही याच टप्प्याला सर्वांत जास्त महत्त्व दिलेलं आहे. बसलेल्या माणसाच्या कंबरेची स्वतःची लय पाचाच्या आसपासच पडते. नवा कोरा रस्ता, सुखाचा वेग, आणि तरीही माणगावपर्यंत कंबर धरते, याचं कारण हे आहे.

हे सगळं मी मागच्या सीटवरून लिहिते आहे. मोटरसायकलवर जे काही लिहिलं जातं ते हँडल धरणाऱ्याच्या नजरेतून. इंजिनाचा आवाज, वळणावरची पकड, टाकीचं पॉलिश. मागे बसणाऱ्या माणसाला ते चाक जसं कळतं, तसं चालवणाऱ्याला कळत नाही, आणि यात नाजूकपणाचा काही संबंध नाही. चालवणारा दोन चाकांच्या साधारण मध्ये बसतो. मागचं चाक चार बोटं उचललं गेलं, तर तो दोनच बोटं उचलला जातो, कारण पुढचं चाक जमिनीवर असतं आणि गाडी त्या बाजूने कलते. मागे बसणारी मात्र मागच्या चाकाच्या आसाच्या जवळजवळ डोक्यावर असते. चाक चार बोटं, तर ती चार बोटं. शिवाय चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. तो फूटरेस्टवर भार देऊन क्षणभर उठतो, गुडघ्यांनी धक्का जिरवतो. मागच्या माणसापुढे एक हेल्मेट आणि एक पाठ. खड्डा बसल्यावरच कळतो.

आपल्या नियमांनी मागे बसणाऱ्या बाईचा विचार फार पूर्वीच केला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकेल असं संरक्षण हवं, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत. साडीगार्ड आपल्या रस्त्यांवर दिसतो तो त्यामुळे. या नियमाने कितीतरी जीव वाचवले असतील. पाठीच्या मणक्यासाठी मात्र असा काही नियम नाही. ते काम मागच्या दोन शॉकअपवर सोडलेलं आहे, आणि ते शॉकअप कारखान्यात कोणाच्या वजनावर बेतले, हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

शॉकअप हा शब्द मुंबईच्या गॅरेजांचा. त्या एका नळकांडीत दोन वेगवेगळी कामं चाललेली असतात, आणि दोन्ही वेगळी समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत. बाहेरची स्प्रिंग वजन तोलते आणि धक्का साठवते. पण स्प्रिंग घेतलेलं सगळं परत करते. नुसती स्प्रिंग असती तर एका गतिरोधकानंतर गाडी किती तरी वेळ नाचत राहिली असती. म्हणून आत तेलात चालणारा दट्ट्या असतो. त्याला बारीक छिद्रं आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्या. तेल त्या वाटेने रेटलं जातं, गरम होतं, आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते. याला डॅम्पिंग म्हणतात. दबताना होणारं वेगळं, परत उठताना होणारं वेगळं. उठतानाच्या डॅम्पिंगला रिबाउंड म्हणतात आणि मागच्या सीटचं सुख बहुतांशी त्यावर ठरतं.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना मागे हे काहीच नसायचं. चाक थेट फ्रेमला, आणि चालवणाऱ्याच्या सीटखाली दोन स्प्रिंगा. मागच्याला मडगार्डावरची गादी. रॉयल एन्फील्डने बुलेटला मागे झुलता स्विंगआर्म आणि तेलाचे शॉकअप दिले, ती गाडी १९४८ मध्ये इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चाचणी स्पर्धेत उतरली आणि पुढच्या वर्षी बाजारात आली. १९५५ पासून तीच बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. आपल्या उपनगरांचाही या इतिहासात वाटा आहे. आनंद समूहाची गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये सुरू झाली ती मुलुंडला. देशातल्या सुरुवातीच्या शॉकअप कारखान्यांपैकी तो एक. पुढे नाशिक आणि चाकणला तिचे कारखाने झाले. १९८५ मध्ये औरंगाबादेत अनुरंग जैन यांनी उभा केलेला उद्योग आज एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज म्हणून ओळखला जातो. वाळूजच्या परिसरातून निघणारे त्यांचे शॉकअप देशभरच्या मोटरसायकलींना लागतात. कारागिरी, यंत्रं, अनुभव सगळं महाराष्ट्रात आहे. हे मुद्दाम सांगते, कारण चांगला शॉकअप म्हणजे परदेशी शॉकअप अशी एक समजूत पक्की झाली आहे.

अडचण बेताची आहे. कारखान्याला एकच स्प्रिंग निवडावी लागते. ती एकट्या माणसालाही चालली पाहिजे, आणि दोघं, दोन पिशव्या, टाकीवरची बॅग, पावसाचे कपडे, नारळ-फणस यांनाही पुरली पाहिजे. त्यात हलायला जागा थोडी. रॉयल एन्फील्डच्या इंटरसेप्टर ६५० चं मागचं चाक ८८ मिलिमीटर वरखाली होऊ शकतं, सुपर मिटिऑर ६५० चं १०१, बजाजच्या डॉमिनार ४०० चं ११०. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरला, २०२० मध्ये ती भारतात आली तेव्हा, १७७ मिलिमीटर होते आणि नव्या हिमालयन ४५० ला २०० आहेत. त्या गाड्या खडकाळ रस्त्यासाठीच केलेल्या, म्हणून उंच. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला त्यांच्या मागच्या सीटवर चढणं हाच एक व्यायाम होतो. म्हणून कित्येक घरांत फिरायची गाडी म्हणजे बुटकी, दोन शॉकअपची, शंभर मिलिमीटरच्या आसपास हालचाल असलेलीच असते. आमचीही तशीच.

सीटवर जेलची गादी टाकून झाली होती. मागच्या टायरची हवा दोघांच्या वजनाला सांगितलेली तेवढी ठेवून झाली होती. ती आधी बघावीच, फुकटात होते. शेवटी माझ्या कंबरेच्या दुखण्याचा विषय वजनकाट्यावर आणि मोजपट्टीवर न्यायचा ठरवला. गाडी आपल्याच वजनाने किती बसते आणि माणसं बसल्यावर किती बसते, ते मोजायचं. जाणकार याला सॅग म्हणतात. एका रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडी मधल्या स्टँडवर चढवली, म्हणजे मागचं चाक मोकळं लोंबलं. आसाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि तिथपर्यंतचं अंतर मोजलं. मग गाडी स्टँडवरून उतरवली, सीट दाबून सोडली, स्थिर होऊ दिली, पुन्हा मोजलं. मग नवरा बसला. मग मी, हेल्मेट-जॅकेटसह, आणि दोन्ही बाजूंच्या भरलेल्या पिशव्या. तिसरा माणूस लागतोच, कारण बसलेल्याने वाकून मोजलं की वजन सरकतं. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा मोजपट्टी घेऊन जमिनीवर बसला. दर वेळी दोनदा मोजायचं, एकदा गाडी दाबून सोडून, एकदा किंचित उचलून सोडून, आणि मधला आकडा धरायचा. शॉकअपच्या सीलचं घर्षण दर वेळी थोडं फसवतं.

रिकामी गाडी २० मिलिमीटर बसत होती. नवरा बसल्यावर ३१. मी आणि पिशव्या आल्यावर ५२. शंभरातले बावन्न. म्हणजे पार्ल्याच्या गल्लीतून गाडी हलण्याआधीच निम्मी हालचाल संपलेली. उरलेल्या अठ्ठेचाळीस मिलिमीटरमध्ये गोव्याचा महामार्ग जिरवायचा. त्यात तो जिरत नाही, तेव्हा स्प्रिंग तळाला जाते, शेवटचा रबरी ठोकळा लागतो आणि तिथून पुढे धक्का सरळ कंबरेत. रस्त्यासाठी साधारण तीस टक्के बैठक योग्य धरतात, शंभरात तीस.

त्या मुलाने लगेच विचारलं, "काकू, ती खालची रिंग फिरवली की स्प्रिंग टाइट होते ना?" बहुतेकांचा हाच समज असतो, कित्येक गॅरेजवाल्यांचाही. खाचांची ती रिंग फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, याला प्रीलोड म्हणतात. स्प्रिंगचा ताठपणा त्याने बदलत नाही. एक मिलिमीटर दाबायला पूर्वी जेवढा जोर लागायचा, तेवढाच नंतरही लागतो. बदलते ती फक्त गाडीची उंची. आम्ही हुकासारख्या पान्याने रिंग शेवटच्या खाचेपर्यंत नेली. ५२ चे ४३ झाले. तेवढाच नऊ मिलिमीटरचा फायदा, आणि पुढे फिरवायला खाच उरली नाही. बरं, उरली असती आणि आणखी बारा मिलिमीटर मिळवून बैठक ३१ वर आणली असती, तर रिकामी गाडी पार वरच्या टोकाला जाऊन टेकली असती. मग रस्त्याचा खोलगट भाग आला की चाकाला खाली जायला जागा नाही. एकटा चालवताना दर वेळी ठण्ण आवाज आणि चाक क्षणभर जमिनीवरून सुटलेलं.

यातूनच एक उपयोगी कसोटी मिळते. माणसांसह बैठक बरोबर जमवल्यावर रिकामी गाडी शंभरातले आठ-दहा मिलिमीटर बसली, तर स्प्रिंग योग्य. अजिबात बसेना, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. खूप बसली, तर ताठ आहे. या कसोटीला मोजपट्टी आणि एक शेजारी एवढंच लागतं.

आमची स्प्रिंग मऊ होती. ऐंशी किलोच्या भाराने, म्हणजे मी, कपडे आणि पिशव्या, ती २१ मिलिमीटर दबली. ऐंशी किलो म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन. भागाकार केला तर चाकापाशी दोन्ही शॉकअपचा मिळून ताठपणा ३७ न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपास येतो. आम्हाला त्याहून सुमारे तीस टक्के ताठ स्प्रिंग हवी होती. आणि नेमकं हेच लोकांच्या गळी उतरत नाही. कंबर दुखते म्हणून माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, जरा मऊ शॉकअप द्या. मऊ स्प्रिंग दुकानासमोर बसून बघितली की छान वाटते. रस्त्यावर ती लवकर तळाला जाते आणि तळाचा एक धक्का शंभर लहान धक्क्यांपेक्षा वाईट. माझ्या कंबरेला ताठ स्प्रिंगने आराम दिला. हे वाक्य मी अनुभवाने लिहिते.

स्प्रिंग बदलली की डॅम्पिंगही बदलावं लागतं, कारण ताठ स्प्रिंग जास्त जोराने परत उठते. रिबाउंड कमी पडलं तर खड्ड्यानंतर सीट खालून मारते, मागचा माणूस उडतो. जास्त झालं तर उलटं: एका खड्ड्यात दबलेला शॉकअप पुरता उघडण्याआधी पुढचा खड्डा येतो, मग तिसरा, आणि गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते. पेव्हर ब्लॉकवर हे फार लवकर कळतं.

आणि तेलाची उष्णता. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच नळीत असतात. सलग खराब रस्त्यावर तासभर धावल्यावर सोड्याची बाटली हलवावी तसा आत फेस होतो. फेसातून दट्ट्या सहज जातो, म्हणजे डॅम्पिंग गेलं. सकाळी चांगली वाटणारी गाडी दुपारी झुलायला लागते, ती यामुळे. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियां द कार्बन यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय केला: नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात, दाबाखाली, मध्ये तरंगता दट्ट्या. तेल सतत दाबात राहिलं की फेस होत नाही. आज ज्याला गॅरेजात गॅसवाला शॉकअप म्हणतात, त्यातले सगळेच असे नसतात. बाजूला डबी दिसली म्हणजे आत कप्पा वेगळा असेलच असंही नाही. विकत घेताना हे स्पष्ट विचारावं.

बाजारात पर्याय आता भरपूर आहेत. गॅब्रिएलसारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचे सुटे शॉकअप, थायलंडचे वायएसएस, १९७६ पासून काम करणारी स्वीडनची ओलिन्स. किंमत काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. माझं मत विचाराल तर चाळीस-पन्नास हजारांचा शॉकअप चुकीच्या स्प्रिंगसह घेण्यापेक्षा पंधरा-वीस हजारांचा शॉकअप आपल्या वजनाच्या स्प्रिंगसह घ्यावा. दुकानदाराने तुमचं, मागच्या माणसाचं आणि सामानाचं वजन विचारलं नाही, तर तिथून उठावं. रंग नंतर विचारला तरी चालतो.

उंचीबद्दल एक सावधगिरी. दोन टोकांच्या बोल्टांमधलं अंतर मूळ शॉकअपएवढंच हवं. वीस मिलिमीटर उंच शॉकअप लावला की मागचा भाग उचलला जातो, पुढचा फोर्क जास्त उभा होतो, हँडल चंचल होतं, साखळीचा ताण बदलतो आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलून पडायची भीती. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून वाहनात बदल करता येणार नाही. म्हणून मूळ मापाचाच, मूळ जागीच बसणारा भाग घ्यावा. कापाकापी, वेल्डिंग काही करू नये. बिल जपून ठेवावं, विमा कंपनीला आधी विचारावं आणि जुने शॉकअप पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावे.

आमच्या वजनाच्या स्प्रिंगचे नवे शॉकअप घेऊन आम्ही पार्ले पूर्वेला आमच्या मेकॅनिक काकांकडे गेलो; ते मूळचे संगमेश्वरकडचे. त्यांनी नवे शॉकअप हातात घेतले नाहीत. आधी गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवलं. "चिमट्याचा बुश गेलेला असला तर ताई, सोन्याचे शॉकअप लावा, काय उपयोग नाही." चिमटा म्हणजे स्विंगआर्म. बुश ठीक होता. मग एका वेळी एकच बाजू सोडायची, म्हणजे चाक खाली पडत नाही आणि दुसऱ्या बाजूचा बोल्ट आपोआप भोकात बसतो. जुना शॉकअप निघाला तेव्हा वरच्या रबरी बुशाच्या आतली लोखंडी नळी गंजून बोल्टला चिकटलेली. मुंबईच्या चार पावसाळ्यांत हे होतंच. दोन हलके ठोके आणि गंज काढायचं तेल. खालच्या दांड्यावर तेलाचा पातळ ओघळ होता, त्यावर धूळ बसून काळा पट्टा झालेला. काकांनी तो बोटाने पुसून मला दाखवला. सील गेलं होतं. म्हणजे मऊ स्प्रिंग आणि वर अर्धमेलं डॅम्पिंग, असा दुहेरी मार मी खात होते. जुना शॉकअप हाताने दाबला, तर तो काही विरोध न करता आत गेला आणि तसाच बाहेर आला.

नवे बसवताना काकांनी बोल्टला ग्रीस लावलं, चाक जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनावर बसल्यानंतरच बोल्ट शेवटचे आवळले. चाक लोंबतं ठेवून आवळले तर रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतात आणि लवकर फाटतात. घाईत हे राहून जातं, म्हणून गॅरेजात उभं राहून बघावं. मग पुन्हा मोजपट्टी: रिकामी गाडी ८, सगळं लादल्यावर ३३. रिबाउंड कमी-जास्त करायची बाहेरची चकती मधोमध ठेवली, सीट जोरात दाबून सोडली. गाडी एकदा वर आली आणि थांबली, दुसरा झोका नाही. नवरा एकटा जाणार असेल तर रिंग थोडी सैल करतो आणि चकती दोन टिचक्या मागे घेतो. मी बसणार असले की परत. दोन मिनिटांचं काम आहे. तो ते न सांगता करतो, याचं मला अप्रूप आहे.

पहिली चाचणी घराजवळच झाली. कॅप्टन विनायक गोरे पुलावरून पश्चिमेला, स्वामी विवेकानंद रस्त्याने सांताक्रूझकडे, मिलन सबवेच्या अलीकडून मागे. पुलाच्या सांध्यांवर पूर्वी माझं हेल्मेट नवऱ्याच्या हेल्मेटवर आपटायचं. दोघांचीही मान त्यात जायची आणि थोडा वादही व्हायचा. या वेळी आपटलं नाही. लहान बारीक खडबडीत मात्र गाडी आधीपेक्षा किंचित जास्त बोलते, हे मान्य करायला हवं. ताठ स्प्रिंगचं ते देणं आहे. चकती आणखी एक टिचकी मागे घेतल्यावर तेही बरंच निवळलं.

मग महामार्ग. वडखळच्या पुढचे उरलेसुरले तुटके भाग, सेवारस्त्यावरचे उंच गतिरोधक, परशुराम घाटातली वळणं. या सगळ्यात फरक खरोखर मोठा होता. चिपळूणला उतरले तेव्हा मी आधी चहा मागितला. पूर्वी आधी भिंत शोधायची, पाठ टेकायला. वळणावर गाडी मागून झुलत नव्हती, त्यामुळे मी नवऱ्याच्या जॅकेटची पकड सैल केली होती, आणि त्याचेही खांदे त्यामुळे मोकळे राहिले. मागच्या माणसाचं अवघडलेपण चालवणाऱ्याच्या हातांपर्यंत पोचतं, हे तोवर त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

जे सुटलं नाही, तेही सांगते. काँक्रीटचे सांधे. त्यांचे धक्के लहान, नेमाने येणारे, आणि अशा लहान हालचालींत शॉकअपचं सील-घर्षणच आडवं येतं. ताशी ८० ला ते अजून जाणवतात. वेग ५५-६० वर आणला की सेकंदाला पाचाऐवजी साडेतीनच्या आसपास येतात आणि शरीराच्या त्या नाजूक टप्प्याच्या बाहेर पडतात. म्हणून काँक्रीटवर आम्ही साठाच्या आतच जातो. पोचायला उशीर होतो, पण उतरल्यावर सरळ उभं राहता येतं.

हा सगळा हिशेब उलट्या बाजूनेही मांडता येतो, आणि तिकडे लक्ष जायला हवं. २०११ मध्ये पुण्यात 'बाइकर्नी' ही महिला दुचाकीस्वारांची संघटना सुरू झाली. आज पार्ल्यात, ठाण्यात, डोंबिवलीत स्वतःची मोटरसायकल घेऊन एकट्या लांब जाणाऱ्या मुली आहेत. पन्नास किलो वजनाच्या मुलीला कारखान्याची स्प्रिंग बहुधा ताठ पडते. गाडी पुरेशी बसतच नाही, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि प्रत्येक लहान खड्डा जसाच्या तसा वर येतो. तिला गाडी खाली करण्यासाठी सीटचा फोम कापायचा सल्ला सर्रास मिळतो. फोम कापला की धक्का अडवणारी उरलीसुरली जाडीही गेली. तिला हवी असते मऊ स्प्रिंग आणि तिला साजेसं हलकं डॅम्पिंग; उंची त्यातूनच काही मिलिमीटर कमी होते.

गाडीचं बुकिंग करताना रंग विचारतात, क्रॅशगार्ड विचारतात, मोबाइल धरायचा स्टँड विचारतात. चालवणार कोण, वजन किती, मागे रोज कोणी बसणार का, हे तीन प्रश्न त्याच कागदावर छापता येतील. तीन ताठपणाच्या स्प्रिंगा तयार ठेवणं मोठ्या कारखान्याला जड नाही. स्प्रिंग हा शॉकअपमधला त्या मानाने स्वस्त भाग आहे, नळी-दट्ट्या तेच राहतात. सर्व्हिस सेंटरला दोन पाने आणि स्प्रिंग दाबायचं एक साधन पुरेल. वाळूज, चाकण, नाशिक इथे हे तंत्र रोज हाताळलं जातं. गिऱ्हाइकाने मागितलं तर ते मिळेल, म्हणून मागायला सुरुवात करावी: पुढच्या सर्व्हिसला गाडी टाकताना जॉबकार्डवर, ऑइल आणि ब्रेकच्या खाली, मागच्या शॉकअपची बैठक दोघांच्या वजनासह मोजून द्यावी, असं लिहून घ्यावं.